तीन पिनांमागचं वैर: ट्रॅक्टर कंपन्या भांडल्या आणि जोड मात्र एकच राहिली

प्रश्न असा आलाय: "वडिलांचा जुना इंटरनॅशनल बी-२७५ घरात आहे, चुलत्यांचा मेसी १०३५ आहे आणि मी दोन वर्षांपूर्वी जॉन डिअर घेतला. थोडंफार इकडंतिकडं केलं की एकाची अवजारं दुसऱ्याला बसतात. या कंपन्या एकमेकींच्या जिवावर उठल्या होत्या म्हणतात. मग अवजार अडकवायची तीन पिनांची जोड सारखी कशी? नक्कल कुणी कुणाची केली? आणि शेवटी जिंकलं कोण?"

मी वाळवा तालुक्यात १९८७ पासून ट्रॅक्टर खोलतोय. पहिली चार वर्षं हेल्पर म्हणून, नंतर स्वतःच्या गॅरेजात. त्यामुळं उत्तर पान्याच्या बाजूनं देतो.

सुरुवात चुलत्यांच्या मेसीपासून करू. १०३५ ची लिफ्ट, म्हणजे तेलाच्या दाबानं अवजार उचलणारी यंत्रणा, उचलेना झाली की मागच्या हाऊसिंगमधलं तेल काढायचं, सीट काढायची, लिफ्टचं जड झाकण साखळीनं वर घ्यायचं, तेव्हा कुठं खाली तेलात बुडालेला पंप नजरेला पडतो. तो पीटीओच्याच (रोटाव्हेटरसारखी अवजारं फिरवणाऱ्या मागच्या दांड्याच्या) शाफ्टवर चालतो आणि त्याचा कंट्रोल व्हॉल्व्ह तेल आत ओढायच्या बाजूला आहे. आता महिंद्राचा ४७५ घ्या. त्याचा पंप बाहेर, इंजिनाच्या अंगाला. पाईप आणि बोल्ट सोडले की हातात येतो. हेल्पर असताना मी उस्तादांना विचारलं होतं की मेसीवाल्यांनी पंप असा विहिरीत का टाकलाय. ते म्हणाले, "साहेबाची मर्जी." तो साहेब म्हणजे हॅरी फर्ग्युसन, आणि त्या पंपावरून अमेरिकेत सव्वाचार वर्षं खटला चालला होता, हे मला फार उशिरा कळलं. त्याच्याकडं येतोच, पण आधी हेन्री फोर्ड.

फोर्डनं १९१७ मध्ये फोर्डसन ट्रॅक्टर काढला. नाव 'फोर्ड' का नाही? मिनियापोलिसमधल्या एका कंपनीनं ते आधीच ट्रॅक्टरवर लावलं होतं. तिच्याकडं फोर्ड आडनावाचा एक माणूस होता, एवढाच संबंध. त्या मिनियापोलिसच्या कंपनीचा ट्रॅक्टर इतका भिकार होता की नेब्रास्का राज्यातल्या विल्मॉट क्रोझियर नावाच्या शेतकऱ्याचा संताप अनावर झाला. हा गडी पुढं आमदार झाला आणि १९१९ मध्ये त्यानं कायदाच करून घेतला: विद्यापीठाकडून चाचणी झाल्याशिवाय राज्यात ट्रॅक्टर विकायचा नाही. कंपन्यांच्या जाहिरातीतल्या हॉर्सपॉवरला पहिला लगाम बसला तो असा. आपल्याकडं तेच काम मध्य प्रदेशातलं बुदनीचं केंद्र करतं. ट्रॅक्टर घेताना डीलरनं दिलेलं रंगीत पत्रक घरी ठेवा आणि बुदनीचा चाचणी अहवाल वाचा. त्यात पीटीओवर खरी ताकद किती मिळते ते लिहिलेलं असतं. पत्रकावरचा मोठा आकडा इंजिनाचा असतो, रोटाव्हेटर फिरवणारा नव्हे.

तर फोर्डसन. हलका, स्वस्त, मोटारीसारखा कारखान्यातून धडाधड निघणारा. तेव्हा शेतीयंत्रांचा बादशहा इंटरनॅशनल हार्वेस्टर होता. मॅककॉर्मिक, डीअरिंग आणि आणखी काही कंपन्या एकत्र करून १९०२ मध्ये तो बांधला गेला होता. फेब्रुवारी १९२२ मध्ये फोर्डनं फोर्डसनची किंमत ६२५ डॉलरवरून एकदम ३९५ वर आणली. शिकागोत इंटरनॅशनलचा कारभार अलेक्झांडर लेग बघत होता. त्यानंही लगेच किंमत उतरवली आणि वर ट्रॅक्टरबरोबर नांगर फुकट दिला. नुसतं एवढंच नाही. जिथं फोर्डसनचं प्रात्यक्षिक असेल तिथं इंटरनॅशनलचा डीलर आपला ट्रॅक्टर घेऊन हजर व्हायचा, 'चल, शेजारच्या पट्ट्यात लाव' म्हणायचा. शंकरपटासारखा मामला, फक्त बैलांच्या जागी लोखंड.

या किंमतयुद्धात बारक्या कंपन्या चिरडल्या गेल्या. १९२३ मध्ये फोर्डनं लाखावर ट्रॅक्टर काढले. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या चार ट्रॅक्टरांत जवळजवळ तीन त्याचे. आणि पाचच वर्षांनी, १९२८ मध्ये, फोर्डनं अमेरिकेतलं ट्रॅक्टरचं उत्पादन बंद केलं. सगळं सामान आयर्लंडात कॉर्कला हलवलं. जो निम्म्या किमतीत माल देत होता तोच मैदान सोडून गेला.

का? हे आपल्या शेतकऱ्याला समजावून सांगावं लागत नाही. फोर्डसन नांगरायचा छान, पण उभ्या पिकात शिरायचा नाही. मका किंवा कापूस गुडघ्याएवढा झाला की कोळपणीला घोडेच लागायचे. म्हणजे ट्रॅक्टरचा हप्ता भरायचा आणि घोड्यांना वैरणही घालायची. आमच्या भागात नव्वदीपर्यंत हेच चित्र होतं: दारात ट्रॅक्टर आणि गोठ्यात बैलजोडी, कारण आंतरमशागत बैलाशिवाय होत नव्हती. इंटरनॅशनलच्या बर्ट बेंजामिन या इंजिनियरनं नेमकं हेच हेरलं. १९२४ मध्ये त्यांनी फार्मॉल आणला. उंच पोट, पुढची चाकं जवळजवळ, दोन ओळींमधून सरळ निघून जाणारा. शिवाय पीटीओ, तोही इंटरनॅशनलनंच सगळ्यात आधी बाजारात रुळवला होता. किंमत फोर्डसनच्या दुपटीच्या आसपास, तरी लोकांनी घेतला. त्यानं घोडे सुटले ना!

फोर्डसनला दुसरी बदनामी चिकटली, ती उलटण्याची. ही गोष्ट मी डोळ्यांनी पाहिलीय, फोर्डसनवर नव्हे, आपल्याच गावात. ९४-९५ ची गोष्ट असेल. एकानं बाभळीचं खोड उपटायला साखळी खालच्या हुकाला न बांधता वर, टॉप लिंकच्या (अवजार धरणाऱ्या वरच्या दांड्याच्या) ब्रॅकेटला बांधली. पहिला गिअर, फूल थ्रॉटल, क्लच झटक्यात सोडला. खोड हललं नाही. मागची चाकं जमिनीत रुतली, आणि चाकं फिरेनात म्हटल्यावर इंजिनाच्या ताकदीनं ट्रॅक्टरचं धूडच अॅक्सलभोवती फिरलं. नाक वर, आणि क्लच दाबायला पाय पोचायच्या आत ट्रॅक्टर उताणा. ड्रायव्हर बाजूला फेकला गेला म्हणून वाचला. फोर्डसनचा नांगर दगडाला अडकला की हेच व्हायचं, कारण नांगर मागं नुसता साखळीनं ओढल्यासारखा बांधलेला असायचा. पुढं फोर्डनं मागचे मडगार्ड लांब करून जमिनीपर्यंत आणले, म्हणजे ट्रॅक्टर उठला तरी ते आधी टेकावेत. ठिगळ होतं ते, पण काहींचे प्राण वाचले असतील.

या रोगावरचा खरा इलाज आयर्लंडमधल्या एका मोटार मेकॅनिकला सुचला. हॅरी फर्ग्युसन. विमानाचं वेड असलेला माणूस, स्वतः बांधलेलं विमान १९०९ च्या शेवटच्या दिवशी उडवणारा. पहिल्या महायुद्धात आयर्लंडच्या कृषी खात्यानं त्याला गावोगावच्या नांगरटी सुधारायच्या कामावर लावलं. त्याला दिसलं की ट्रॅक्टर आणि नांगर ही दोन वेगळी यंत्रं मानली जातात आणि गडबड तिथंच आहे. नांगर ट्रॅक्टरचाच अवयव व्हायला पाहिजे.

आता तुमच्या नांगराकडं बघा. खाली दोन लिंका, त्या ओढतात. वर एक टॉप लिंक. नांगर जमिनीत घुसला की तो खालच्या पिनांवर पुढं कलंडायला बघतो, म्हणजे टॉप लिंक ट्रॅक्टरकडं ढकलतो. जितकं रान कठीण तितका दाब जास्त. हाच दाब ट्रॅक्टरचं नाक खाली दाबून ठेवतो, म्हणून तो फोर्डसनसारखा उठत नाही. फर्ग्युसनची खरी करामत पुढं आहे. टॉप लिंकच्या मुळाशी त्यानं स्प्रिंग बसवली आणि ती लिफ्टच्या व्हॉल्व्हला जोडली. रान कठीण लागलं की स्प्रिंग दबते, व्हॉल्व्ह उघडतो, लिफ्ट नांगर किंचित उचलते. त्या उचलण्यानं नांगराचा भार मागच्या चाकांवर येतो आणि चाकं धरतात. रान मऊ आलं की नांगर परत खाली. यालाच आपण ड्राफ्ट कंट्रोल म्हणतो. हलक्या ट्रॅक्टरला जड ट्रॅक्टरची पकड मिळाली ती यामुळं.

त्यानं आधी इंग्लंडात डेव्हिड ब्राऊनबरोबर १९३६ पासून ट्रॅक्टर काढला, पण दोघांचं पटलं नाही. ऑक्टोबर १९३८ मध्ये तो आपला ट्रॅक्टर घेऊन अमेरिकेत हेन्री फोर्डच्या फेअर लेन या वाड्यावर गेला. प्रात्यक्षिक झालं. मग बागेत टेबल मांडून त्यानं चावीच्या खेळण्यातल्या ट्रॅक्टरवर आपलं तत्त्व समजावलं. फोर्डनं हात पुढं केला, फर्ग्युसननं हातात हात दिला. झाला करार. कागद नाही, वकील नाही, सही नाही. ट्रॅक्टर फोर्डनं बनवायचा, यंत्रणा फर्ग्युसनची, विक्रीही फर्ग्युसनची. जून १९३९ मध्ये फोर्ड ९एन बाजारात आला, ५८५ डॉलरला. पुढच्या आठ वर्षांत तो आणि त्याचा भाऊ २एन मिळून तीन लाखांवर गेले.

हातावरचा करार हात आहेत तोवरच. म्हातारा फोर्ड थकला, नातू हेन्री फोर्ड दुसरा गादीवर आला. त्यानं वह्या उघडल्या तर ट्रॅक्टरमागं तोटा, आणि विक्रीचा नफा फर्ग्युसनकडं. १९४६ च्या अखेरीस त्यानं करार मोडल्याचं जाहीर केलं. १९४७ च्या उन्हाळ्यात फोर्ड ८एन आला: लिफ्ट फर्ग्युसनचीच, विक्रीची कंपनी फोर्डची स्वतःची. फर्ग्युसननं जानेवारी १९४८ मध्ये २५ कोटी १० लाख डॉलरचा दावा ठोकला. एप्रिल १९५२ मध्ये तडजोड झाली. फर्ग्युसनला ९२ लाख ५० हजार डॉलर मिळाले. फोर्डनं कबूल केलं की त्या वर्षाअखेरनंतर पीटीओ शाफ्टवर चालणारा आणि ओढायच्या बाजूला व्हॉल्व्ह असलेला तो पंप आपण वापरणार नाही. म्हणून १९५३ च्या फोर्डवर पंप इंजिनाच्या अंगाला गेला. म्हणजे मी मेसीचं झाकण साखळीनं उचलतो तेव्हा त्या तडजोडीतलं वाक्यच तेलात हात घालून चाचपत असतो.

पण बघा, तीन पिनांची जोड त्या तडजोडीत फर्ग्युसनच्या मुठीत राहिली नाही. मुख्य पेटंटांची मुदत संपत आली होती. तुमच्या 'नक्कल कुणाची' या प्रश्नाचं उत्तर इथं आहे: तीन पिना फर्ग्युसनच्या, आणि त्या सगळ्यांनी उचलल्या.

मात्र सहज उचलल्या नाहीत. १९५० च्या दशकात अमेरिकेत प्रत्येकानं आपली वेगळी जोड काढली. इंटरनॅशनलची 'फास्ट हिच', दोन लिंकांची. अॅलिस-चामर्सचा 'स्नॅप कपलर'. केसची 'ईगल हिच'. हेतू उघड होता: ट्रॅक्टर आमचा घेतलास तर नांगरही आमचाच घ्यायचा. शेतकऱ्यानं काही वर्षं सोसलं. पण शेजाऱ्याचं अवजार मागून आणता येत नाही आणि जुनं विकता येत नाही म्हटल्यावर तो वैतागला. हळूहळू सगळ्या तीन पिनांवर आल्या आणि त्यांची मापं ठरली. आपल्याकडं ही बाकीची सोंगं आलीच नाहीत, कारण आपले सुरुवातीचे ट्रॅक्टर बहुतेक ब्रिटन आणि पूर्व युरोपच्या वळणाचे. ब्रिटनमध्ये कॉव्हेंट्रीच्या कारखान्यातून निघालेल्या पाच लाखांवर करड्या 'फर्गी'नं शेतकऱ्याला तीन पिनांची सवय लावून ठेवली होती. तुमच्या वडिलांचा बी-२७५ मूळ आखला तो इंटरनॅशनलच्या ब्रिटनमधल्या शाखेनं. अमेरिकेतली आई कंपनी फास्ट हिचचा हट्ट धरून बसली होती, तेव्हा ब्रिटनमधली लेक वैऱ्याची जोड लावून ट्रॅक्टर विकत होती.

फर्ग्युसनची कंपनी १९५३ मध्ये कॅनडाच्या मॅसी-हॅरिसमध्ये विलीन झाली, तीच पुढची मेसी फर्ग्युसन. त्या सौद्यात दहा लाख डॉलरचा वाद उरला होता. तो चक्क नाणं उडवून मिटवला आणि फर्ग्युसन हरला. पैशापेक्षा मानाचा भुकेला माणूस असावा, असं मला तरी वाटतं.

आता जॉन डिअर. तुमचा आहे म्हणून सांगतो, नाहीतर पन्नाशीपर्यंत तो या भांडणात दुसऱ्या फळीतलाच. नांगरवाली कंपनी, १९१८ मध्ये वॉटर्लूचा कारखाना विकत घेऊन ट्रॅक्टरमध्ये आली आणि चाळीस वर्षं दोन सिलिंडरच्या फट-फट इंजिनावर अडून बसली. १९५३ पासून मात्र आतल्या आत, गुपचूप, सगळं नवं आखायला घेतलं. इकडं इंटरनॅशनलनं १९५८ मध्ये ५६० नावाचा मोठा ट्रॅक्टर आणला. सहा सिलिंडरचं दमदार इंजिन, पण मागचा फायनल ड्राइव्ह, म्हणजे चाकांना ताकद देणारे शेवटचे गिअर, मूळ १९३९ च्या फार्मॉलचा. माझ्याकडं ऊस वाहतुकीचे ट्रॅक्टर येतात, त्यांची डिझेल पंपाची सेटिंग जास्त ताकदीसाठी वाढवलेली असते. पहिला हंगाम मजेत जातो, दुसऱ्याला मागून कुईऽऽ आवाज आणि तेलात गिअरच्या दातांचे तुकडे. इंटरनॅशनलनं कारखान्यातूनच तसा ट्रॅक्टर विकला. १९५९ मध्ये हजारो ट्रॅक्टर परत बोलवावे लागले. आणि ३० ऑगस्ट १९६० ला जॉन डिअरनं विमानांनी हजारो डीलर डॅलसला नेऊन चार आणि सहा सिलिंडरचे नवे ट्रॅक्टर उघडे केले. एक तर हिरे लावून मोठ्या दुकानात दागिन्यांच्या काउंटरपाशी उभा केला होता! हिरे सोडा, त्याची मागची बाजू इंजिनाला पुरेशी होती. तिथून इंटरनॅशनल पहिल्या जागेवर परत आला नाही. १९७९ ला सुरू झालेला १७२ दिवसांचा संप, मग शेतीची मंदी, आणि १९८५ मध्ये ट्रॅक्टरचा धंदा केसच्या मालकांना विकला.

पण इंटरनॅशनलचं बी तोवर कांदिवलीत रुजलं होतं. १९६३ मध्ये महिंद्रा, इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि व्होल्टास यांनी मिळून इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया काढली, तीच तुमच्या बी-२७५ ची आई. १९७७ मध्ये ती महिंद्रात विलीन झाली. म्हणून आमच्याकडचे म्हातारे अजून महिंद्राला 'इंटरनॅशनल' म्हणतात. १९९४ मध्ये महिंद्रानं अमेरिकेत जाऊन ट्रॅक्टर विकायला सुरुवात केली. आज संख्येच्या हिशोबात ती जगात पहिली.

आपल्याकडचं वैर अमेरिकेइतकं उघडं नव्हतं, कारण साठ-सत्तरच्या दशकात माल कमी आणि रांग मोठी. बुकिंग करून थांबायचं. चेन्नईच्या टॅफेकडं मेसी, फरिदाबादला आयशर आणि एस्कॉर्ट्स, पिंजोरला झेटॉरच्या मदतीनं एचएमटी. या सगळ्यांत मला कौतुक स्वराजचं. दुर्गापूरच्या सरकारी संशोधन संस्थेत आपल्याच इंजिनियरांनी आखलेला, बाहेरच्या कुणाचा परवाना न घेता पंजाबात बनलेला. अडाणी दिसायचा, पण गावातला मिस्त्री झाडाखाली बसून खोलू शकायचा. खरी चुरस नव्वदीनंतर आली: सोनालिका, न्यू हॉलंड, आणि पुण्याजवळ सणसवाडीला एल अँड टी बरोबर आलेला जॉन डिअर. तुमचा ट्रॅक्टर तिथला असू शकतो.

आणि जिंकलं कोण? रंग मोजू नका, मालक मोजा. २००५ मध्ये आयशरचे ट्रॅक्टर टॅफेकडं गेले. २००७ मध्ये स्वराज महिंद्राकडं. एस्कॉर्ट्समध्ये आता जपानची कुबोटा आहे. मेसी फर्ग्युसन १९९४ पासून अमेरिकेच्या अॅग्कोचा, पण भारतात ते नाव कुणाचं यावर टॅफेशी वाद झाला आणि २०२५ मध्ये ते टॅफेकडं राहिलं. सगळ्यात गंमत १९९९ ची. फोर्डचे ट्रॅक्टर फिरत फिरत न्यू हॉलंडमध्ये पोचले होते, इंटरनॅशनलचे केसमध्ये. त्या वर्षी न्यू हॉलंड आणि केस एक झाले. १९२२ मध्ये एकमेकांच्या उरावर बसलेले आज सीएनएच नावाच्या एकाच घरात नांदतात, एक निळा, एक लाल.

राहिलं तुमचं 'थोडंफार इकडंतिकडं'. चाळीस हॉर्सपॉवरच्या आतले बहुतेक ट्रॅक्टर कॅटेगरी एकचे: खालच्या पिना २२ मिलिमीटर, वरची १९. मोठे कॅटेगरी दोनचे: खाली २८, वर २५. तुमच्या जॉन डिअरच्या खालच्या लिंकेच्या टोकाला असलेल्या मोठ्या बॉलमध्ये बी-२७५ च्या नांगराची बारीक पिन ढिली बसत असणार. ती वेल्डिंगनं जाड करून आणू नका, दर महिन्याला माझ्याकडं एक तरी तशी तुटलेली येते. पिनेवर चढवायचं बुशिंग (जाडी भरून काढणारी नळी) मिळतं, ते घाला. आणि चुलत्यांच्या मेसीवर सीटजवळचा ड्राफ्टचा लिव्हर एकदा हलवून बघा. मी उघडलेल्या बहुतेक मेसींमध्ये तो गंजून जाम असतो नाहीतर तारेनं बांधलेला असतो, कारण ड्रायव्हर नांगरट आणि वाहतूक दोन्ही एकाच पोझिशनच्या (अवजाराची उंची ठरवणाऱ्या) लिव्हरवर करतात. हलत नसेल तर आधी त्याच्यावर डिझेल ओतून रात्रभर ठेवा, लगेच हातोडा घालू नका.